मार्च १७००, की १६९९?

छत्रपती राजाराम महाराजांचे निधन सिंहगडावर झाले. इतिहासाच्या पुस्तकांत त्याची रूढ तारीख २ मार्च १७०० अशी मिळते. पण त्या दिवशी मुंबईच्या वखारीत बसलेल्या इंग्रज कारकुनाने तारीख घातली असती, तर वर्ष लिहिले असते १६९९. गोव्यातल्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १३ मार्च १७०० लिहिले असते. साताऱ्याला वेढा घालून बसलेल्या मोगल छावणीत हिजरी ११११ चा रमजान चालू होता आणि औरंगजेबाच्या कारकिर्दीचे ४४ वे वर्ष नुकतेच लागले होते. मराठी पंचांगात त्या दिवशी फाल्गुन वद्य नवमी, शके १६२१, प्रमाथी नाम संवत्सर. राज्याभिषेक शकाचे २६ वे वर्ष. आणि सिंहगडाच्या पश्चिमेला मुठा, मोसे आणि पौड या खोऱ्यांचा, म्हणजे बऱ्याच अंशी आजच्या मुळशी तालुक्याचा, वसुली कारभार ज्या सनावर चालायचा, त्या सुहूर सनाचे ते अकराशेवे वर्ष होते. कागदावर ते अक्षरांत लिहीत : ‘मया व अलफ’.

या सगळ्यांत सारखा राहतो तो फक्त वार. त्या दिवशी शनिवार होता. ग्रेगरी, ज्यूलियन, हिजरी आणि शालिवाहन यांनी वर्षे आणि महिने कसेही कापले, तरी सात वारांची माळ कुणी तोडलेली नाही. म्हणून जुन्या कागदावर तिथीसोबत वार लिहिलेला असला की अभ्यासकाला हायसे वाटते. जंत्री उघडायची आणि त्या तिथीला तो वार येतो का ते पाहायचे. आला तर कागद बहुधा खरा. नाही आला तर नकलेत चूक आहे किंवा कागद बनावट आहे.

आता इंग्रज कारकुनाचे १६९९. इंग्लंडमध्ये तेव्हा कायदेशीर नवे वर्ष १ जानेवारीला लागत नसे, २५ मार्चला लागे. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस हे आधीच्याच वर्षाच्या खाती. सावध कारकून गोंधळ टाळायला १६९९/१७०० असे जोडवर्ष लिहीत. इंग्लंडने १७५२ मध्ये ही पद्धत मोडली, १ जानेवारी हा वर्षारंभ केला आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आणला. तोवरच्या इंग्रजी कागदांतली जानेवारी ते मार्चमधली कुठलीही तारीख वाचताना वर्ष तपासावेच लागते. मराठ्यांच्या इतिहासात हे फार ठिकाणी आडवे येते, कारण वखारींची पत्रे हा आपला मोठा आधार आहे.

गोव्याचे अकरा दिवस कुठून आले, ते जास्त गमतीचे आहे. ज्यूलियन वर्ष ३६५ दिवस आणि सहा तासांचे. सूर्याचे ऋतुवर्ष त्याहून सुमारे अकरा मिनिटांनी लहान. अकरा मिनिटे म्हणजे काहीच नाही, पण सोळाशे वर्षांत त्यांचे दिवस झाले. पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये दहा दिवस गाळले आणि पुढे चूक साचू नये म्हणून नियम घातला : शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जात असेल तरच ते लीप. म्हणजे १६०० लीप, २००० लीप; १७००, १८०० आणि १९०० नाहीत. पोर्तुगाल कॅथलिक असल्याने लगेच या पंचांगावर गेला आणि त्याच्यामागे गोवाही. प्रॉटेस्टंट इंग्लंडने पोपचे ऐकले नाही.

या नियमाची पहिली कसोटी १७०० साली लागली. १६०० दोन्ही पंचांगांत लीप होते, त्यामुळे दहा दिवसांचे अंतर शंभर वर्षे जसेच्या तसे राहिले होते. १७०० च्या फेब्रुवारीत ज्यूलियन पंचांगात २९ तारीख आली, ग्रेगरीत आली नाही, आणि अंतर दहाचे अकरा झाले. राजाराम महाराजांचे निधन झाले ते यानंतर दोनच दिवसांनी. त्याच आठवड्यापूर्वीचे मुंबई-गोवा पत्रव्यवहार जुळवायचे तर दहा दिवस मोजावे लागतात, त्यानंतरचे अकरा. युरोपातही त्या फेब्रुवारीत धांदल होती. डेन्मार्कने, ज्याची तामिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला वसाहत होती, आणि जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट संस्थानांनी नेमका हाच मुहूर्त साधून १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च आणला. स्वीडनने दरवेळी एकेक लीप दिवस गाळत सावकाश जायचे ठरवले, १७०० चा दिवस गाळला, पुढचे गाळायचे राहिले, आणि शेवटी मागे फिरताना १७१२ मध्ये फेब्रुवारीला ३० दिवस द्यावे लागले. सुधारणा करायची तर एका फटक्यात करावी, नाही तर करू नये, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

हे सगळे बारीकसारीक वाटेल, पण यातून एक विलक्षण योगायोग हाती लागतो. नाना फडणवीस पुण्यात वारले ते १३ मार्च १८०० ला. तोवर इंग्रजही ग्रेगरी पंचांगावर आले होते, त्यामुळे ही तारीख नव्या मानाची. राजाराम महाराजांची २ मार्च १७०० ही जुन्या मानाची. तीही नव्या मानात आणली की १३ मार्च १७०० होते. पुस्तकात शेजारी ठेवल्या तर या दोन तारखांचा काही संबंध दिसत नाही. एकाच फुटपट्टीने मोजल्या की नेमके शंभर वर्षांचे अंतर निघते. सुहूर सनातही तेच. पहिला मृत्यू ११०० मधला, दुसरा १२०० मधला, ‘मयातैन व अलफ’. यात दैवी असे काही नाही, तिथ्या तर जुळण्याचे कारणच नाही. तारखांच्या पोटात काय काय दडते, एवढेच दाखवायचे होते.

आपण मराठी वाचकांनी हा जुन्या-नव्या मानाचा घोळ एका प्रकरणात तरी अनुभवलेला आहे. शिवजयंतीच्या वादात मुख्य प्रश्न तिथीचा होता : वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ की फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१? लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीने दुसऱ्या तिथीच्या पारड्यात वजन टाकले. पण तिथी मान्य केल्यावरही १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्यूलियनच राहते. ग्रेगरी मानाने तो दिवस १ मार्च. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही तशीच, नव्या मानाने ती १६ जून. आपण शिवकालाच्या तारखा जुन्या मानाने आणि पानिपताची १४ जानेवारी १७६१ ही नव्या मानाने पाळतो. कुणी काही लपवलेले नाही. ज्या इंग्रजी साधनांशी मेळ घालायचा त्यांचे मान १७५२ मध्ये बदलले, इतकेच.

शतक नेमके कधी पालटते, या भानगडीत मराठी पंचांगाचा शक फारसा पडत नाही. एक तर तो बहुधा गतवर्षे मोजतो. शके १६२१ म्हणजे १६२१ वर्षे पूर्ण झाली, पुढचे चालू आहे. माणसाच्या वयासारखेच. त्यामुळे नवे शतक १७०० ला सुरू होते की १७०१ ला, हा जो वाद इसवी सनात शून्य वर्ष नसल्याने दर शंभर वर्षांनी उकरला जातो, तो शकात उद्भवत नाही. राज्याभिषेक शक मात्र एकपासून मोजायचा, चालू वर्षाचा. दुसरे असे, की आपल्याकडे काळाची मोठी मोजणी साठ संवत्सरांची होती, शंभरांची नव्हती. शके १६२१ प्रमाथी, १६२२ विक्रम. साठ वर्षांनी पुन्हा तीच नावे. तीनशे म्हणजे पाच वेळा साठ, म्हणून २००० सालच्या पाडव्यालाही विक्रम नाम संवत्सरच लागले. संगणक बंद पडतील म्हणून जग ज्या वर्षी धास्तावले होते, त्या वर्षाला आपल्या पंचांगाने तीनशे वर्षांपूर्वीचेच नाव दिले.

गणना अशी निरनिराळी असली तरी त्या वर्षीचे वर्षारंभ किती जवळजवळ आले होते पाहा. जुन्या मानाने बोलायचे तर २ मार्चच्या दुःखद घटनेनंतर आठवडाभराने गुढीपाडवा, शके १६२२. २५ मार्चला इंग्रजांचे १७००. २१ एप्रिलला साताऱ्याचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. मेच्या उत्तरार्धात ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला राज्याभिषेक शक २७ आणि त्याच सुमारास मृगाबरोबर सुहूर ११०१. जूनच्या पहिल्या आठवड्यात मोहरम, हिजरी १११२. राजाराम महाराजांच्या राणी ताराबाईंनी मुलाच्या नावे कारभार हाती घेतला, त्यानंतरच्या चार महिन्यांत एकामागून एक पाच सन पालटले.

यातला सुहूर सन आज सर्वांत विसरलेला, आणि मावळातल्या माणसाशी सर्वांत जवळचा.

हिजरी वर्ष चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. अधिक महिना नाही, त्यामुळे ते ऋतूंच्या मागे दरवर्षी अकरा दिवस सरकते. उपासतापासाला ते चालते. शेतसाऱ्याला चालत नाही. हिजरी वर्षाप्रमाणे सारा मागायचा तर साधारण तेहेतीस वर्षांत एका पिकावर दोनदा मागावा लागेल. चौदाव्या शतकात, बहुधा महंमद तुघलकाच्या अमलात, दख्खनमध्ये यावर तोड निघाली, असे अभ्यासक मानतात. १३४४ मध्ये हिजरी ७४५ चालू होते. तो आकडा तसाच ठेवला, पण पुढचे वर्ष चंद्राने न मोजता सूर्याने मोजायचे ठरले, आणि आरंभ धरला सूर्य मृग नक्षत्रात जाण्याचा. त्या दिवसापासून दोन्ही सन वेगळे झाले. १७०० च्या मार्चमध्ये एक ११११ वर होता, दुसरा ११०० वर. साडेतीनशे वर्षांत चंद्राने सूर्यावर अकरा वर्षांची आघाडी घेतली होती.

पुढे शहाजहानने हाच उपाय दख्खनेत पुन्हा केला. १६३६ मध्ये हिजरी १०४६ ला फसली सन म्हणून सूर्यवर्षाला बांधले. जुना सन वापरात असताना नवा कशाला? तो मोगलांचा, म्हणून. त्यामुळे १७०० च्या मार्चमध्ये फसली ११०९ होता, म्हणजे त्याच शेताचे, त्याच मृगापासूनचे वर्ष, पण आकडा नऊने जास्त. एकाच गावाचा वसूल दोन्ही सत्ता मागत होत्या तेव्हा हे आकडे दोन्ही वह्यांत पडत असतील, याची कल्पना करता येते.

मराठी कागदांनी सुहूर सन असा काही आपलासा केला, की त्याची उत्पत्ती कुठली हे लिहिणाऱ्याला आठवतही नसावे. आकडा अरबी शब्दांत लिहायचा, आधी एकम, मग दहम, मग शेकडा, शेवटी हजार. पानिपताचे वर्ष ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. १०९९ ला ‘तिसा तिसैन व अलफ’ लिहिणारा कारकून पुढच्या मृगाला नुसते ‘मया व अलफ’ लिहू लागला. इसवी सन काढायचा तर ५९९ मिळवा. जानेवारी ते मे अखेरची तारीख असेल तर ६००. या ६०० मुळेच सुहूरची शतके इसवीच्या शतकांबरोबर उलटतात. खरा मासला पुढेच आहे. वर्ष सूर्याचे, पण त्याच पत्रात दिवस पुष्कळदा चंद्राचा : ‘छ’ असे अक्षर, मग मुसलमानी महिन्याचा चंद्रदिवस. म्हणजे सन पावसाळ्याचा, महिना रमजानचा, लिहिणारा ब्राह्मण, लिपी मोडी. आज कुणी असा कागद नव्याने बनवला तर आपण त्याला विश्वास ठेवण्याजोगा मानणार नाही.

मृगापासून वर्ष का, हे मुळशीत जूनमध्ये गेले की समजावून सांगावे लागत नाही. हा सह्याद्रीच्या घाटमाथ्याचा मुलूख. ताम्हिणीकडे पाऊस मिलीमीटरांत चार आकडी सहज होतो. पीक म्हणजे भात, त्यातही आंबेमोहर. उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगाच्या सुमारास त्यावर रोप टाकायचे, आषाढात खाचरांत चिखलणी करून लावणी. सारा ठरवायचा, कौल द्यायचा, गावकीचा शब्द घ्यायचा तो पेरणीच्या आधी. पीक घरात आल्यावर वर्ष संपले तर हिशेब मिटतो. मधेच संपले तर भांडण. पाडवा चैत्रात येतो तेव्हा मावळात शेतावर काहीच नसते. तो देवाधर्माचा आणि राजाचा वर्षारंभ होता. कुणब्याचा मृग होता.

पण मृग ७ जूनला लागतो हेही कायमचे नाही. सूर्याने एखाद्या ताऱ्यापाशी परत यायला जो वेळ लागतो तो ऋतुवर्षाहून सुमारे वीस मिनिटांनी जास्त आहे, कारण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू घुमतो. ग्रेगरी पंचांग ऋतू धरून चालते, आपली नक्षत्रे तारे धरून. त्यामुळे साठ-सत्तर वर्षांत मृग एक दिवसाने पुढे सरकतो. १७०० मध्ये तो नव्या मानाने ३ जूनच्या सुमारास लागला. इंग्रजांच्या जुन्या मानाने २३ मेच्या आसपास. पाऊस नक्षत्राला बांधलेला नाही, तो सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनाला बांधलेला आहे. आणखी दोन हजार वर्षांनी मृग जुलैच्या तोंडावर येईल, आणि तेव्हा मुळशीत मृगाची वाट पाहत कुणी थांबला तर त्याची लावणी हुकेल.

संक्रांतीचे तेच. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो मकरसंक्रांतीचा दिवस होता. आता संक्रांत १४ किंवा १५ ला असते. मधल्या सरकण्यातला एक दिवस १९०० साली लीप गाळल्याने एका झटक्यात दिसला. शंभर वर्षांची हळू सरक त्या एका वर्षी उघड होते. पानिपताची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली असे आपण सर्रास म्हणतो, कारण १४ जानेवारी म्हणजे संक्रांत हे डोक्यात पक्के बसले आहे. १७६१ मध्ये संक्रांत त्या आधी चार दिवस होऊन गेली होती. पौष शुद्ध अष्टमीला झालेल्या त्या लढाईला संक्रांतीची गरज नाही.

पंचांग आकाशाशी जुळत नाही, ही खंत एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात फार लोकांना लागली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी वेधांवर आधारलेले पंचांग काढले. मुरुडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये पुण्यात ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ प्रसिद्ध केले. सुहूर, फसली, राज्याभिषेक शक यांविषयी आपण आज जे बोलतो त्यातले बरेचसे तिथून निघते. टिळकांनी पंचांग-शोधनासाठी सभा भरवल्या आणि त्यातून टिळक पंचांग आले. नक्षत्रचक्राचा आरंभबिंदू इतर पंचांगांहून निराळा धरल्याने त्यात अधिक महिना कधीकधी वेगळा येतो, आणि मग काही घरांत दिवाळी शेजाऱ्यांच्या एक महिना आधी होते. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये समिती नेमली गेली, ‘केसरी’चे ज. स. करंदीकर आणि नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी तिच्यात होते. तिने राष्ट्रीय पंचांग दिले. शकाचा आकडा घेतला, पण चंद्र सोडला. वर्षारंभ २२ मार्चला, लीप वर्षी २१ ला. २२ मार्च १९५७ हा १ चैत्र १८७९.

याचा परिणाम म्हणजे शक हे आता दोन झाले. शके १९०० राष्ट्रीय पंचांगात २२ मार्च १९७८ ला लागले आणि घरोघरी ८ एप्रिल १९७८ ला, पाडव्याला. सतरा दिवसांचा फरक. तज्ज्ञांचे काम चोख होते, यात शंका नाही, पण चंद्राशिवायचा चैत्र गुढी उभारणाऱ्याच्या उपयोगाचा नाही, आणि सरकारी कागदाला इसवी सन पुरतो. मधल्यामध्ये राष्ट्रीय पंचांग आकाशवाणीच्या उद्घोषणेपुरते आणि राजपत्राच्या मथळ्यापुरते उरले. शके २००० चा आकडा २०७८ मध्ये येईल तेव्हा तो पुन्हा दोनदा येणार.

मुळशीत तारीख आणि तिथी यांची निवड एकदा जाणूनबुजून झाली. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ टाटांचे धरण होऊ घातले, जमिनी जाणार हे कळले, आणि मावळ्यांनी सत्याग्रहाचा दिवस ठरवला रामनवमी. इसवी सनाप्रमाणे तो १६ एप्रिल १९२१. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांची नावे ज्या लढ्याशी जोडली गेली तो हा. जमीन घेणारा १८९४ चा कायदा इंग्रजी तारखेने चालणारा. अडवणारा जमाव चैत्र शुद्ध नवमीला जमला. त्या वर्षीच्या संवत्सराचे नाव दुर्मती होते. नावे साठ वर्षांच्या क्रमाने येतात, कुणी निवडत नाही, हे माहीत असूनही हा शब्द वाचताना थांबायला होते.

सुहूर सन पेशवाईबरोबर कागदांतून गेला, इकडे फसलीही गेला. पण महाराष्ट्रात महसुली वर्ष अजून १ जानेवारीला सुरू होत नाही, १ एप्रिललाही नाही. ते १ ऑगस्टला लागते, आणि त्याच दिवशी सरकार महसूल दिन पाळते. पौडच्या तहसील कचेरीतले सातबाराचे वर्ष ३१ जुलैला मिटते, त्या वेळी घाटमाथ्यावरच्या खाचरांत लावणी बहुतेक आटोपलेली असते आणि कुठल्या गटात काय उभे आहे ते बांधावरून दिसत असते. पीकपाहणी त्यानंतर सुरू होते.